मराठी वेबसाइट वाचायला त्रास का होतो? (वाचनालयाच्या साइटची डागडुजी, सल्ला हवा)

पाटी-पेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, 'अ' वर्गातलं. त्याची वेबसाइटही आहे. मागच्या कार्यकारिणीने ओळखीतल्या एकाकडून करून घेतली होती. नवीन कार्यकारिणीने ती आता माझ्या गळ्यात मारली आहे. कारण काय, तर मी नोकरीत असताना 'कॉम्प्युटरवर बसायचो'.

तक्रार साधी आहे. लोक साइट उघडतात आणि मग वाचनालयात फोन करून विचारतात, "आज उघडं आहे का?" ग्रंथपाल बाई वैतागल्या आहेत. वेळ साइटवर दिलेली आहे, पण 'आमच्याविषयी' या पानावर, स्थापनेचा इतिहास, देणगीदारांची नावं आणि माजी अध्यक्षांचं मनोगत ओलांडलं की मग. एवढा धीर कुणाला?

बाकी वर्णन करतो म्हणजे कल्पना येईल. वर सरकती पट्टी, तिच्यात सुविचार. पट्टीशेजारी लुकलुकणारं 'नवीन!'. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं. सूचना म्हणजे फलकावरच्या कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो, जरा तिरका. ग्रंथसूची पीडीएफमध्ये, कुठल्याशा जुन्या फॉन्टमधली. आणि तळाला 'आपण अमुकावे अभ्यागत आहात'.

पैसे जवळजवळ नाहीत. होस्टिंगचं वर्षाचं बिल भरलं जातं, एवढंच. थीम फुकटातली आहे, रंग आणि आकार बदलण्यापुरतं सीएसएस मला येतं. सुरुवात कुठून करू?

---

खिडकीतली_सीट

सुरुवात फोनपासून. तुमच्या फोनपासून नको, तुमचा चांगला असेल. वाचनालयातल्या शिपायाचा फोन घ्या, दारात उन्हात उभे राहा आणि त्यावर साइट उघडा. जे दिसत नाही ते नाहीच, असं धरून चाला.

मग पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता, चारच गोष्टी: आज उघडं की बंद, वेळ, फोन नंबर (दाबला की लागणारा), पत्ता. इतिहासाचं वेगळं पान करा. तो मोलाचा आहे, पण संध्याकाळी साडेसातला पुस्तक बदलायला निघालेल्या माणसाला तो नको असतो.

लोक वाचत नाहीत, चाळतात, हे नवीन नाही. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने १९९७ मध्ये लोकांना साइट वापरायला बसवून पाहिलं, तेव्हा शेकडा ७९ जण नवीन पान नुसतं चाळत होते. शब्द न् शब्द वाचणारे १६. तेव्हा तर सगळे टेबलखुर्चीवर बसून मोठ्या पडद्यावर बघत होते. आता एसटीत उभं राहून एका हाताने बघतात.

सरकत्या पट्टीला आजच मूठमाती द्या. वाचायला सुरुवात करावी तर वाक्य निम्मं निघून गेलेलं असतं, आणि पुढचा फेरा येईपर्यंत कोण थांबतो.

---

हापूस_पायरी

+१. आणि तो अभ्यागत काउंटर! शेवटचा कधी पाहिला होता आठवत नाही. जपून ठेवा, पुरातत्त्व खातं येईल.

---

रफार

माझा पोटापाण्याचा धंदा अक्षरांचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

खिडकीतली_सीट यांचं पटतंच. पण वेळ वर आणून ठेवली तरी ती वाचता आली पाहिजे. आपल्या साइट वाचताना डोळे शिणतात त्याचं मोठं कारण असं की फुकटातल्या बहुतेक थीम रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या असतात. रोमन अक्षराला वर टोपी नाही, खाली शेपूट फारसं नाही. आपल्याकडे एका ओळीत तीन मजले असतात: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, ऋकार, पायमोडकं अक्षर. थीमचा साचा तसाच ठेवून आत मराठी ओतलं की थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला घातल्यासारखं होतं, फक्त इथे उलट, शर्ट आखूड पडतो.

प्रयोग करून पाहा. एका ओळीत 'कृपया सूचना तुकड्यांत' आणि लगेच खालच्या ओळीत 'वर्गणीं, कीर्तीं, मूर्तींची' असं काहीतरी टाका आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.२ पट ठेवा. वरच्या ओळीतले उकार-ऋकार खालच्या ओळीतल्या रफारात जाऊन बसतात. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर आले की तो गुंता सोडवायला डोळा थबकतो. एका शब्दापाशी हे जाणवत नाही, पानभर झालं की माणूस पान बंद करतो आणि फोन लावतो. लाइन-हाइट १.६ ते १.८ करा. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं कराच.

आकार. १६ पिक्सेलला रोमन चांगलं दिसतं, त्याच आकड्याला देवनागरी बारीक दिसते, कारण ठरलेल्या उंचीतली बरीचशी जागा वरच्या-खालच्या चिन्हांना द्यावी लागते आणि मधलं अक्षर आक्रसतं. १८ ते २० ठेवा. मोठ्या पडद्यावर ओळ काठापासून काठापर्यंत पसरू देऊ नका. आठ-दहा शब्दांची ओळ झाली की पुरे, नाहीतर पुढची ओळ शोधताना नजर चुकते.

आता थीम गुपचूप काय काय करतात ते बघा.

लेटर-स्पेसिंग: इंग्रजी मथळे ऐटदार दिसावेत म्हणून अक्षरांत दोन-दोन पिक्सेल फट टाकलेली असते. मराठी मथळ्यात त्याने शिरोरेषा तुटते. 'वाचनालय' या शब्दाच्या डोक्यावर एक सलग रेघ हवी, तिथे तुटक तुटक डॅश दिसतात. ते शून्य करा.

इटॅलिक: आपल्याकडे तिरप्या अक्षराची परंपरा नाही. ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून कलतं करतो. अवतरणं तिरपी करण्याऐवजी बाजूला रेघ द्या, रंग थोडा बदला.

खोटं ठळक: फॉन्टात ठळक वजन नसेल तर ब्राउझर कडा जाड करतो आणि 'ष', 'क्ष', 'ध' यांच्या पोटातली जागा बुजते. ठळक वजन खरोखर आहे असाच फॉन्ट घ्या.

दोन्ही कडा जुळवणं: छापील पुस्तकात शोभतं, कारण तिथे अक्षरं जुळवणारा जुळारी बसलेला असे आणि तो शब्द फोडत असे. फोनच्या अरुंद पडद्यावर मराठीचे लांब शब्द, त्यात ओळी दोन्हीकडून ताणलेल्या, म्हणजे मध्ये खिंडारं. डावी कड सरळ ठेवा, उजवी राहू द्या वाकडीतिकडी.

फॉन्ट: मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' फुकट आहे आणि फोनवर स्वच्छ दिसतो. 'नोटो सान्स देवनागरी' आहे. लांब लेखांसाठी, म्हणजे तुमच्या त्या इतिहासाच्या पानासाठी, 'टिरो देवनागरी मराठी' लावून बघा, छापील वळणाचा आहे. एक फॉन्ट, दोन वजनं, त्यापुढे जाऊ नका. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. चार वजनं लावली की शिपायाच्या फोनवर पान उघडता उघडत नाही.

(अवांतर: विंडोजवर वर्षानुवर्षं जो 'मंगल' दिसायचा तो अक्षरकार र. कृ. जोशींचा, विंडोज २००० बरोबर आला. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ. पण त्या काळच्या भरड पडद्यावर मराठी दिसत होती ती त्याच्यामुळे.)

---

मीठभाकर

रफार, प्रतिसाद छापून भिंतीवर लावते!

माझी पाककृतींची साइट आहे आणि मला वेगळा मुद्दा मांडायचाय. सगळे म्हणतात जाहिराती काढा, पॉपअप काढा. वाचनालयाला परवडेल, मला नाही परवडत, होस्टिंगचे पैसे त्यातूनच निघतात. पण वाचणाऱ्याला त्रास कशाचा होतो ते मी माझ्या सासूबाईंकडे बघून शिकले. जाहिरात असण्याचा त्यांना त्रास नाही. त्या 'साहित्य' वाचत असतात, हाताला कणीक, आणि तेवढ्यात वरून जाहिरात उतरते आणि सगळं पान खाली ढकललं जातं. गुळाचं प्रमाण हरवतं. त्या पान पुन्हा वर घेतात, तर बोट जाहिरातीवर पडतं.

उपाय फार अवघड नव्हता. जाहिरात जिथे येणार तिथे आधीच तेवढ्या उंचीची रिकामी चौकट राखून ठेवायची. फोटोंनाही रुंदी-उंची लिहून द्यायची. गूगल हे हलणं मोजतं, त्याला सीएलएस म्हणतात. ०.१ च्या आत असेल तर चांगलं. शिवाय पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, असाही त्यांचा निकष आहे.

आणि हो, 'थेट कृतीकडे' असं बटण मी वर दिलंय. पुरणपोळीच्या आधीचं माझं आजोळपुराण ज्यांना वाचायचंय ते वाचतात.

---

खिडकीतली_सीट

@मीठभाकर, आजोळपुराण वाचणारा एक इथे आहे. पण बटण दिलंत म्हणून वाचतो. जबरदस्ती असती तर नसतं वाचलं.

---

ऐकणारा

मी दृष्टिहीन आहे. संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरतो, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी वाचक सॉफ्टवेअर. त्यामुळे मला वेबसाइट 'दिसत' नाही, ऐकू येते. धाग्यात आत्तापर्यंत अक्षरांच्या दिसण्याचं आलं आहे, आता दुसरी बाजू.

पाटी-पेन्सिल, तुमच्या साइटवरची सूचना म्हणजे फोटो. मला तिथे ऐकू येतं: "ग्राफिक, आय एम जी, अंडरस्कोर", मग आकड्यांची रांग. वर्गणीची तारीख त्यात असेल तर ती मला समजली नाही, म्हणजे मीही फोनच करणार. सूचना टाइप करा. फोटो हवाच असेल तर खाली मजकूरही द्या.

ग्रंथसूचीचं तर विचारूच नका. जुने फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजी कळा, वरून मराठी मुखवटा. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे आतमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही रोमन अक्षरं असतात. तुम्हाला दिसतं 'मराठी', माझा वाचक तीच रोमन अक्षरं उच्चारायचा प्रयत्न करतो आणि घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढतो. डोळस माणसालाही याचा तोटा आहेच. त्या पीडीएफमध्ये लेखकाचं नाव शोधून दाखवा. मिळणार नाही. गूगललाही मिळत नाही.

आणखी एक, लोकांना माहीत नसतं असं. पानाच्या एचटीएमएलमध्ये सगळ्यात वर भाषा लिहिलेली असते. फुकटातल्या थीममध्ये ती 'ईएन' म्हणजे इंग्रजी असते आणि कुणी बदलत नाही. मग वाचक सॉफ्टवेअर इंग्रजी आवाजात मराठी वाचू बघतं, नाहीतर ती अक्षरं चक्क गाळून पुढे जातं. फोनही उगाच विचारत बसतो, भाषांतर करू का. तिथे 'एमआर' लिहा. दोन अक्षरांचं काम आहे.

शेवटचं: दुव्यांना 'इथे क्लिक करा' असं नाव देऊ नका. मी पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी काढून ऐकतो, म्हणजे हवं तिथे पटकन जाता येतं. तुमच्या मुखपृष्ठावर मी यादी काढली. इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, इथे क्लिक करा. 'सभासद अर्ज', 'नवीन पुस्तकं' असं लिहिलं तर सगळ्यांचंच काम होईल.

---

रफार

@ऐकणारा, 'एमआर'ला दणदणीत अनुमोदन, आणि माझ्या बाजूने त्यात भर. तेवढ्या दोन अक्षरांनी अक्षरांचं वळणही बदलतं. कित्येक देवनागरी फॉन्टांत ल आणि श यांची दोन-दोन रूपं असतात, मुळात हिंदी वळणाचं येतं. भाषा मराठी आहे हे पानाने सांगितलं की नोटोसारखा फॉन्ट आपणहून मराठी रूप काढून देतो. पाकळीचा ल, देठाचा श. राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत.

---

हापूस_पायरी

ल कुठल्या वळणाचा आहे याने खरंच वाचायला फरक पडतो? की आपली नेहमीची अस्मिता? (पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

रफार

वाचता दोन्ही येतात, यात वाद नाही. पण जी शाळेपासून डोळ्यात बसलीय ती आकृती पटकन ओळखू येते आणि परकी आकृती आली की क्षणभर अडखळायला होतं. लहान मुलांच्या विभागाचं पान असेल तर जास्तच, कारण पाठ्यपुस्तकात त्यांनी एक ल गिरवलाय आणि पडद्यावर दुसराच. अस्मिता म्हणा हवं तर. फुकटात मिळतेय, सोडा कशाला?

---

तळटीप

अक्षरं झाली, आता त्या अक्षरांतून काय म्हणायचंय त्याकडे वळू का?

धागाकर्त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून दुवा दिला म्हणून ती तिरकी सूचना मी मोठी करून वाचली. मजकूर असा:

"सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, चालू आर्थिक वर्षाची वर्गणी विहित मुदतीत अदा न केल्यास सभासदत्व संपुष्टात येण्याची कार्यवाही करण्यात येईल, याची संबंधितांनी नोंद घ्यावी."

हिला १.८ ची लाइन-हाइट दिली आणि पाकळीचा ल दिला तरी वाचून कळत नाही की पैसे कधीपर्यंत भरायचे. 'विहित मुदत' कोणती? कुठे भरायचे? किती? माझा मसुदा:

"या वर्षीची वर्गणी ३० एप्रिलपर्यंत भरा. वाचनालयात रोख किंवा यूपीआयने भरता येईल. मुदतीनंतर वर्गणी भरेपर्यंत पुस्तक मिळणार नाही."

(३० एप्रिल मी माझ्या मनाने घातलंय, मूळ सूचनेत तारीखच नाही.)

पडद्यावर वाचणाऱ्याला महत्त्वाचं आधी लागतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून वाक्य लांबलं की 'करायचं काय' हे पार टोकाला जातं आणि तोवर चाळणारा माणूस पुढच्या ओळीवर गेलेला असतो. इंग्रजीत लांब वाक्य एक वेळ खपतं. आपण वाक्यं छोटी ठेवायलाच हवीत.

---

सावरकुंडी

तळटीप, मसुदा चांगला आहे पण 'भरा', 'मिळणार नाही' हे जरा दरडावल्यासारखं वाटतं. आमच्या संस्थेत असं लिहिलं तर ज्येष्ठ सभासद दुसऱ्या दिवशी राजीनामा घेऊन येतील. पडदा असो की फळा, आब राखून बोलायला हवं.

---

तळटीप

मान्य. "वर्गणी ३० एप्रिलपर्यंत भरावी, ही विनंती. त्यानंतर वर्गणी जमा झाल्यावरच पुस्तक देता येईल." आब राखला, तारीखही राहिली. माझं भांडण आदराशी नाही, 'कार्यवाही करण्यात येईल'शी आहे. कार्यवाही कोण करणार, कधी करणार, काही पत्ता नाही.

---

न्यूजर्सीकर_आजोबा

इकडे थंडी मी म्हणतेय, त्यामुळे दिवसभर टॅबलेटवर मराठी वाचत बसतो. माझी एकच तक्रार आहे, पण ती कळकळीची. काही मराठी साइटवर दोन बोटांनी पान मोठं करायला जावं तर होतच नाही! कुणीतरी ते मुद्दाम बंद करून ठेवलेलं असतं म्हणे. माझ्या वयाला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचायचा चष्मा सोफ्याच्या फटीत. मोठं करू द्या हो.

दुसरं, हल्ली फिकट राखाडी अक्षरांची फॅशन आली आहे. पांढऱ्यावर राखाडी. शाई संपत आल्यासारखं दिसतं.

---

खिडकीतली_सीट

आजोबा, पहिलं म्हणजे पानाच्या कोडमधल्या व्ह्यूपोर्टच्या ओळीतलं 'यूजर-स्केलेबल नो'. पाटी-पेन्सिल, तुमच्या थीममध्ये असेल तर खोडा. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान वापरता आलं पाहिजे, असं डब्ल्यूसीएजीमध्ये आहे (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, २.२ ही आवृत्ती २०२३ ची).

रंगांचंही त्यात गणित आहे. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत उजळपणाचा किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, मोठ्या मथळ्यांना ३ ला १ चालतो. काळ्यावर पांढरं २१ ला १ येतं. आता गंमत बघा. आपला लाडका भगवा, झेंड्यातल्या केशरीच्या जवळचा, पांढऱ्यावर किंवा त्यावर पांढरी अक्षरं: जेमतेम २.१. मोठ्या मथळ्यालाही नापास! शुद्ध लाल पांढऱ्यावर: ४, म्हणजे थोडक्यात हुकलं. आजोबांचा फिकट राखाडी बहुतेक २.८ च्या आसपासचा असणार. फुकट तपासायला वेबएमचं पान आहे, दोन रंग टाकले की आकडा सांगतं.

भगवा ठेवायचा तर पट्टी म्हणून ठेवा आणि त्यावरची अक्षरं गडद तपकिरी किंवा काळी घ्या. मंदिरं, मंडळं, पतसंस्था, सगळ्यांच्या साइटवर केशरी पट्टीत पांढरं नाव असतं आणि उन्हात ते नाव गायब होतं.

---

कोपऱ्यातला_पंखा

वाचनमात्र होतो, पण ग्रंथसूचीवर बोलतो, कारण त्या चिखलात मी पाय घातलेला आहे.

मूळ फाइल सापडली तर निम्मं काम झालं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक जालावर आहेत, फक्त फॉन्ट नक्की कुठला ते आधी ओळखा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाची कळफलकाची मांडणी वेगळी. चुकीचा निवडलात तर निघतं ते मराठीही नसतं आणि इंग्रजीही नसतं. मूळ फाइल नसेल आणि फक्त छापील प्रत असेल तर स्कॅन करून टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) चालवा. फुकट आहे, मराठी ओळखतं. जोडाक्षरांत मार खातं, एकदा कुणीतरी नजरेखालून घालायलाच हवं.

मग पीडीएफ नको, साध्या तक्त्यात टाका आणि वर शोधायची चौकट द्या. आता खरी मेख. शोधताना 'शेतकऱ्यांविषयी' टाइप केलं तर अर्धीच पुस्तकं मिळतील. कारण तो 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: खाली टिंब असलेला र वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. ॲ चंही तेच. तो युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आला, त्याआधीचे आणि त्या सवयीचे लोक अ वर चंद्र काढतात. आकडेही १० आणि दहा असे दोन्ही, शिवाय इंग्रजी आकडे. शोधण्याआधी सगळं एकाच रूपात आणणारा छोटा तुकडा लिहून घ्यावा लागतो. जमत नसेल तर व्यनि करा, माझ्याकडचा देतो.

---

हापूस_पायरी

हे माहीत नव्हतं! म्हणजे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या यादीत 'गोऱ्हे' सापडत नव्हते ते यामुळे?

---

कोपऱ्यातला_पंखा

बहुतेक. किंवा थकबाकी असेल म्हणून लपले असतील.

---

मीठभाकर

एक राहिलं. पत्त्यात मराठी अक्षरं ठेवू नका, निदान मला तरी त्याचा जाच झाला. ब्राउझरमध्ये सुंदर दिसतात, पण व्हॉट्सॲपवर चिकटवलं की बऱ्याचदा एकेका अक्षराची, काना-वेलांटीचीही वेगळी, टक्के-चिन्हांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात. 'मराठी' एवढ्याशा शब्दाची पंचेचाळीस. लोकांना वाटतं व्हायरस आला, कुणी उघडतच नाही.

---

पाटी-पेन्सिल (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले (हापूस_पायरी यांचे वगळून).

झालं ते असं. भाषेचं 'एमआर' आणि झूमची अडवणूक, ही दोन्ही तिथल्या तिथेच बदलली. लाइन-हाइट १.७, अक्षर १९, मथळ्यांतली फट शून्य. फॉन्ट 'मुक्त', दोन वजनं. पान उघडल्यावर आता सगळ्यात वर आजची वेळ आणि दाबला की लागणारा नंबर. ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या फोनवर पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारी बंद असतं ते पण घाला ना, तेच तर विचारतात." घातलं.

सूचना यापुढे टाइप करायची, हे मान्य झालं. सावरकुंडी म्हणतात तशीच चर्चा आमच्याकडेही झाली आणि तळटीप यांचा दुसरा मसुदा जसाच्या तसा मंजूर. फक्त 'सन्माननीय' हवंच म्हणाले, ते ठेवलं. तारीख मात्र कार्यवाहांना विचारून ३१ मे झाली.

पिवळ्यावर लाल गेलं. त्याऐवजी पांढऱ्यावर काळं, आणि वर भगवी पट्टी गडद अक्षरांची. एका सदस्यांना ते 'सुतकी' वाटलं. त्यांना वेबएमचं पान उघडून दिलं, ते अजून रंग तपासत बसले आहेत.

कोपऱ्यातला_पंखा, व्यनि केला आहे. मूळ फाइल मिळाली, फॉन्ट शिवाजी असावा असा अंदाज. एक पान पाठवलंय, बघून सांगता का?

सरकती पट्टी थांबली. सुविचार आता रोज एक, पण स्थिर. काउंटरवर मात्र माझं काही चाललं नाही. अध्यक्ष म्हणाले, "तेवढं राहू दे, मी रोज सकाळी बघतो."

---

ऐकणारा

आत्ताच जाऊन आलो. वेळ ऐकू आली, सोमवार ऐकू आला, दुव्यांची यादी नीट आहे. 'सभासद अर्ज'मध्ये मात्र चौकटींना नावं जोडलेली नाहीत. मला नुसतं "एडिट, रिकामं" असं सहा वेळा ऐकू आलं. कुठल्या चौकटीत नाव आणि कुठल्या चौकटीत पत्ता ते कळत नाही. लेबल टॅग लावा.

काउंटर राहू द्या, पण तो आकड्यांच्या सुट्या-सुट्या चित्रांचा आहे. मला "ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक" असं येतं. कितवा अभ्यागत ते मलाही कळू दे की.